आधी हवा विचारा

हिरामण सर कुठल्याही घरात शिरण्याआधी उंबऱ्याशी थांबायचे. चपला काढता काढता नाकानं एक लांब श्वास ओढून घ्यायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, पाहुण्याला स्वयंपाकाचा वास लागला. त्यांनी लगबगीनं पोहे टाकले. सरांनी ते चवीनं खाल्ले आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "घरात हवा खेळती आहे. तुमच्याकडे भांडणं होत असतील."

सासूबाईंचा चेहरा उतरला. भांडणं होत नव्हती असं नाही, पण ती पोहे खाणाऱ्यानं सांगायची गोष्ट नव्हती.

"चांगलं आहे, अक्का," सर म्हणाले. "ज्या घरातलं भांडण रस्त्यावर ऐकू येतं, त्या घरात माणूस गुदमरत नाही."

बोदवडच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत असे, तिथं ते भूगोल शिकवत. उंच, किडकिडीत, खिशात पेनाऐवजी खडूचा तुकडा. पोरं त्यांना पाठीमागं 'हवा सर' म्हणत आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मूळ गाव एरंडोलकडचं, त्यामुळे घरची भाषा अहिराणी. बोदवड मात्र जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, इथली बोली निराळी. मी माहेरची धुळ्याची निघाल्यावर त्यांना आपल्या गल्लीतलं कुणी भेटल्यासारखं झालं. वर्गात बोलायचे पुस्तकी मराठी, पण मनातलं काही बाहेर यायचं असलं की माझ्याशी अहिराणीवर घसरत.

मी रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "मॅडम, तुमनं धुळानी हवा कशी शे?"

"कोरडी," मी म्हटलं. "वारा सुटला की डोळ्यांत माती."

"म्हणजे मंगळ ग्रहावरची," ते म्हणाले आणि आपल्या शेजारची खुर्ची रुमालानं झटकून मला दिली. सासर बोदवडचं मिळालं म्हणून माझी सुटका झाली, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला होता. पण त्या खुर्चीवर मी पुढं इतकी वर्षं बसले की शाळेचा शिपाई तिला माझ्याच नावानं ओळखू लागला.

"आधी हवा इचार, मंग गाव इचार," हे त्यांचं पालुपद होतं. सूर्यमालेचा धडा ज्या इयत्तेला असेल तिला ते शिकवतच, पण ज्या इयत्तेला नसेल तिलाही शिकवत. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साहेब, मान्सून शिकवायचा तर हवा शिकवावी लागते, आणि हवा काय चीज आहे हे आपल्याच हवेत बसून कळत नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन आल्यावर आपलं घर कळतं." मुख्याध्यापकांनी विषय तिथंच सोडला. सरांशी वाद घालायचा म्हणजे नेपच्यूनपर्यंत जाऊन यावं लागे आणि मधल्या सुट्टीत तेवढा वेळ नसे.

ग्रहांची चित्रं त्यांनी कधी भिंतीवर लावली नाहीत. आकाश दाखवायला मुलांना रात्री शाळेत बोलवावं, असंही त्यांनी केलं नाही. रात्री मुली येऊ शकत नाहीत, आणि जे मुलींना शिकवता येत नाही ते मी शिकवणार नाही, हा त्यांचा बाणा. त्यांचं सगळं शिक्षण भरदिवसा, उन्हात. बुधाबद्दल म्हणत, "सूर्याच्या अगदी जवळचा. पण अंगावर पांघरूणच नाही. दिवसा होरपळतो, रात्री काकडतो. मिळतं पुष्कळ, राहत काही नाही." गुरूबद्दल सांगताना त्यांना विशेष चेव येई. "सगळ्यांत मोठा, पण पाय टेकायला जमीनच नाही. वरून खालपर्यंत नुसती हवा. घाबरू नका, आपल्याकडेही असे असतात, निवडूनसुद्धा येतात." शनीला लोक त्याच्या कड्यांमुळे ओळखतात, तर दागिने पाहून माणूस ओळखू नये, आत डोकावलं तर तो गुरूचाच धाकटा भाऊ. युरेनस आणि नेपच्यून निळे दिसतात म्हणून पाण्याला जाऊ नका, तो मिथेन वायूचा रंग आहे, तहान भागायची नाही. हे सगळं ऐकून पोरं हसत आणि हसता हसता पाठ होई. मराठीचे अलंकार माझ्याकडून त्यांचे कधी असे पाठ झाले नाहीत, आणि याचा मला हेवा वाटे हे मी लपवत नाही.

पण त्यांचा खरा तास शुक्राचा. गावात त्याला 'गोधडीचा तास' म्हणत. थोरल्या भावंडांचा झालेला असे, म्हणून धाकटी वर्षभर वाट बघत असत. सरांची बायको वारली तेव्हा त्यांची मुलगी वैशाली कॉलेजात होती. त्या माउलीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली एक जाडजूड गोधडी सरांनी बायकोच्या हयातीतच शाळेच्या कपाटात आणून ठेवली होती. शुक्राच्या दिवशी ते वर्गाला पटांगणात काढत. एका मुलाला उघड्या उन्हात बसवत, अंगावर नुसता शर्ट. दुसऱ्याला लिंबाच्या सावलीत, पण डोक्यापासून पायापर्यंत त्या गोधडीत गुंडाळून. मग सगळ्यांनी पैज लावायची, आधी घाम कुणाला फुटतो. नवखी पोरं उन्हातल्यावर पैज लावत. थोड्याच वेळात सावलीतून आवाज येई, "सर, काढा ना, जीव चालला, उकडून राह्यलं."

"ऐका," सर म्हणत, "हा बोलला तो शुक्र. उन्हातला बुध, सूर्याच्या जवळ. सावलीतला शुक्र, सूर्यापासून लांब. तरी जास्त कोण तापलं? जवळ-लांब काही नसतं, पोरांनो. अंगावर काय घातलंय ते बघा." मग गोधडी काढून त्या घामाघूम पोराला पाणी पाजत आणि उरलेलं सांगत. शुक्र आपल्या आकाशात सगळ्यांत तेजस्वी दिसतो. का? तर त्याच्याभोवती पांढरेशुभ्र ढग आहेत आणि त्यांच्यावर ऊन चमकतं. लोक म्हणतात, काय सुंदर आहे. पण ते ढग आम्लाचे. त्यांच्या खाली कार्बन डायऑक्साइडचा असा दाब की समुद्रात जवळजवळ किलोमीटरभर खोल गेल्यासारखं वाटावं. शिसं वितळेल अशी उष्णता, दिवसा तीच, रात्रीही तीच. माणसानं यानं पाठवली, पोलादाची, तर ती तासा-दोन तासांत मुकी झाली. "दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तसा दुरून शुक्र. ढग बघून कुणाला भुलू नका. ढगाखाली जाऊन या."

मंगळाचं सांगताना ते एक गोष्ट हमखास बजावत: मंगळावरही तोच वायू, कार्बन डायऑक्साइडच. पण इतका विरळ की असून नसल्यासारखा. "एकाच पिठाची भाकरी," ते म्हणत. "एकीकडे जाड थापली, एकीकडे पातळ. पण मंगळावर निदान मान वर केली तर तारे दिसतात."

वैशालीसुद्धा याच शाळेची. वडिलांच्या वर्गात बसून तिनं गोधडीचा तास दोनदा पाहिला होता आणि एकदा स्वतः शुक्र झाली होती. पुढं रसायनशास्त्र घेऊन पदवी केली, बी.एड. केलं. तिला शिकवायचं होतं. कुठंही चालेल म्हणायची, खडू मिळाला की झालं. आमच्या घरी यायची, माझ्याकडून कविता वाचून घ्यायची आणि अर्थ सांगितला की म्हणायची, "मॅडम, एवढं सगळं कवीच्या मनात नसणार." बापाची लेक होती.

तिच्यासाठी दोन स्थळं एकाच हिवाळ्यात आली. एक साक्री तालुक्यातलं, डोंगराकडचं. मुलगा आश्रमशाळेत शिक्षक. आईला घेऊन स्वतः बोदवडला आला आणि लपवाछपवी न करता सगळं सांगून मोकळा झाला: दोन खोल्यांचं घर आहे, उन्हाळ्यात पाणी टँकरचं, थंडी कडक, बस दिवसातून मोजक्याच, पण शेजारच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे. वैशालीला तो आवडला. तिनं वडिलांना सांगितलं, "आबा, मला चालेल."

सर हसले. "मंगळावर पाठवू का तुला?" म्हणाले. त्यांनी हे मला स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो.

दुसरं स्थळ सावद्याकडच्या एका गावातलं. केळीवाले. कापणीच्या दिवसांत दारात ट्रकांची रांग, चार भावांचं एकत्र कुटुंब, गावात त्या घराला सगळे मान देत. मुलगा शिकलेला, शांत. आणि मुख्य म्हणजे घर जवळ. बायको गेल्यापासून सरांना एकच धास्ती होती, की मुलगी नजरेआड होईल. "आखाजीला सकाळी निघेन आणि जेवायच्या वेळेला घेऊन येईन," ते म्हणत. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी सासरी गेलेली लेक माहेरी यायलाच हवी, झाडाला झोका बांधायलाच हवा. साक्रीहून यायचं तर पोरीचा अर्धा सण बसमध्ये जाणार.

मग ते केळीवाल्यांकडे घर पाहायला गेले. इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. हिवाळ्यात, भरताची मोठी हिरवी वांगी निघाली की, पाहुण्याला घरात कुणी बसवत नाही. मळ्यात नेतात. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायची, लसूण-मिरचीबरोबर ठेचायची, केळीच्या पानावर भरीत आणि पुरी वाढायची, आणि मातीत मांडी घालून हसत-खिदळत खायचं. मुलाचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, दारातच म्हणाले, "सर, घरात काय बसता? भरीत मळ्यातच गोड लागतं." गाडी तशीच मळ्यात गेली. केळीच्या बागेच्या कडेला अख्खं कुटुंब जमलं होतं. पुरुष टोप्या काढून बसले होते, बाया मोठ्यानं बोलत होत्या, अण्णांच्या विनोदाला त्यांचे धाकटे भाऊ टाळी देत होते. बागेतून गार वारा येत होता. सरांनी तिथं त्यांचा तो लांब श्वास घेतला आणि त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते डबाभर भरीत घेऊन शाळेत आले. "इतकी मोकळी माणसं," त्यांचं पुन्हा पुन्हा चाललं होतं, "इतकी मोकळी माणसं, मॅडम."

"घर कसं आहे?" कुणीतरी विचारलं.

"मोठं आहे म्हणे," सर म्हणाले आणि सगळ्यांना भरीत वाढलं. भरीत खरोखर फार चांगलं होतं.

साखरपुडा हॉलवर झाला, लग्न मंगल कार्यालयात झालं. वैशालीनं पुन्हा एकदा साक्रीचा विषय काढला होता, असं मला तिच्याकडूनच कळलं. पण वडिलांचा आनंद पाहून तिनं तो मिटवला. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. सरांनी लग्न केलं थाटात. घर पाहायचं मात्र राहून गेलं.

ते त्या घरात पहिल्यांदा शिरले लग्नानंतरच्या आखाजीला, मुलीला आणायला. एकटेच परत आले. उन्हाळ्याची सुट्टी होती, निकालाच्या कामासाठी आम्ही शाळेत बसलो होतो. सर माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नुसता सारखा करत राहिले आणि मग हळूहळू सांगू लागले.

उंबऱ्याशी ते नेहमीसारखे थांबले होते. पण मागून कुणीतरी दार लावून घेतलं. थंड हवा बाहेर जाते म्हणून. घरातल्या सगळ्या खिडक्यांना जाड काचा, काचांवर पडदे, पडद्यांआड एसीची घरघर. उदबत्तीचा वास, तळणाचा वास, आणि आत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मळ्यात खिदळणाऱ्या त्याच बाया इथं भिंतीला धरून चालत होत्या. अण्णा सोफ्यावर बसलेले आणि घर त्यांच्या घशाच्या खाकरण्याकडे कान देऊन उभं. वैशाली चहाचा ट्रे घेऊन आली, डोक्यावर पदर. बसली नाही. सरांनी विचारलं, "कशी आहेस?"

"सगळं आहे, आबा," ती म्हणाली.

"मी 'कशी' विचारलं, मॅडम," सर मला म्हणाले. "तिनं 'काय काय' ते सांगितलं."

आखाजीला घरात पाहुणे आहेत, सुनेला सोडता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू, असं अण्णांनी गोडीत सांगितलं होतं. पुढच्या वर्षी ती आली, पण सोबत जाऊबाई आली आणि संध्याकाळी दोघी परत गेल्या. झोका रिकामा हलत राहिला. नोकरीचा विषय निघाला तेव्हा तिच्या सासरचे म्हणाले, आपल्या घरात काय कमी आहे? त्यांना ते प्रेमानंच म्हणायचं होतं, आणि म्हणून त्याला उत्तर नव्हतं. मला इथं त्या लोकांवर काही आळ घ्यायचा नाही. कुणी तिच्यावर हात उगारला नाही, कुणी तिला उपाशी ठेवलं नाही. फोन आला तर तो स्वयंपाकघरात स्पीकरवर ठेवून बोलायचा, एवढंच. बाजारात जायचं तर कुणीतरी बरोबर, एवढंच. बी.एड.चं प्रमाणपत्र कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली, एवढंच. अशा बारीकसारीक गोष्टींचा दाब कुठल्या यंत्रावर दिसत नाही.

त्या पहिल्या आखाजीनंतर शाळा सुरू झाली, त्या वर्षी माझा तास सरांच्या शेजारच्या वर्गात होता. मध्ये नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळे त्यांचं सगळं माझ्या वर्गात ऐकू येई. सूर्यमाला सुरू झाली. बुध झाला. पोरं पटांगणात निघायच्या तयारीनं चुळबुळ करत होती. सर म्हणाले, "आता पृथ्वी."

"सर, शुक्र राह्यला ना," एक मुलगी म्हणाली.

"पुस्तकात आहे. वाचून घ्या."

"सर, गोधडी?"

त्यावर ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण पृथ्वी त्यांनी इतकी घाईत संपवली की तास पुरा व्हायच्या आतच वर्ग सुटला. मी मधल्या सुट्टीत त्यांना गाठलं. म्हटलं, बरं नाही का? ते कपाटासमोर उभे होते. दार उघडं, आत गोधडी घडी करून ठेवलेली.

"मी मळा देखा, घर नही देखं," ते म्हणाले. मळा पाहिला, घर पाहिलंच नाही. "आयुष्यभर पोरांना सांगत आलो, ढग बघून भुलू नका. अन् स्वतःच्या पोरीच्या वेळेला काय मोजलं? अंतर मोजलं. भूगोलाचा मास्तर ना मी. साक्री लांब, सावदा जवळ. चुकनं मनं."

मी समजूत घालायची म्हणून म्हटलं, "सर, साक्रीला तरी ती सुखी झाली असती कशावरून? तिथंही संसारच होता."

"नसती झाली कदाचित," ते म्हणाले. "मंगळावर कुठं कोण जगतं? पण तिनं म्हटलं होतं ना, 'मला चालेल.' मी हसलो." आणि त्यांनी कपाट लावून घेतलं.

त्यानंतर बोदवडच्या शाळेत शुक्र शिकवला गेला नाही. बुधानंतर पृथ्वी, मग मंगळ. पोरांना हळूहळू सवय झाली. गोधडीच्या तासाची आठवण काढणारी मुलं मोठी होऊन निघून गेली. हवा सर हे नाव राहिलं, पण ते का पडलं हे नव्या पोरांना सांगता येत नसे.

"तिला विचारा ना एकदा सरळ," मी त्यांना कितीदा सांगितलं. "घरी यायचं का म्हणून विचारा. मुलीला घेऊन ये म्हणा." तोवर वैशालीला मुलगी झाली होती. सर म्हणायचे, विचारेन. मग म्हणायचे, तिनं अजून मला काही सांगितलेलं नाही. तिनं झाकून ठेवलंय ते मी उघडलं तर तिला तोंड दाखवायला जागा राहील का? मला या गोष्टीचा तेव्हाही राग येई आणि आजही येतो. इतका हुशार माणूस, सगळ्या ग्रहांच्या पोटात शिरून आलेला, आणि तासाभराच्या अंतरावरच्या लेकीला एक प्रश्न विचारता येऊ नये.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी एकदा मनाचा हिय्या केला. सकाळी माझ्याकडे आले, धुतलेला सदरा, हातात तिच्या कपड्यांसाठी रिकामी कापडी पिशवी. "आज इचारस तिले," म्हणाले, "चाल घर, म्हणस." मी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. दुपार टळल्यावर ते परत आमच्या दारात उभे राहिले. उंबऱ्याशी थांबले, पण त्या दिवशी श्वास घेतला नाही. पिशवी भरलेली होती.

"इचाराले गयथू," ते म्हणाले, "केळं लई उनू."

विचारायला गेले होते, केळी घेऊन आले. अण्णांनी आग्रहानं जेवायला बसवलं, यंदाच्या केळीच्या भावावर बोलले, पावसावर बोलले. वैशाली वाढत होती. दोनदा ती एकटी समोर आली आणि दोन्ही वेळा यांनी पाणी मागितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. निघताना तिनं दाराशी येऊन वाकून नमस्कार केला. "सगळं आहे ना?" सरांनी विचारलं. "सगळं आहे, आबा," ती म्हणाली. आम्ही ती केळी खाल्ली. मोठी, पिवळीधमक, गोड होती. सरांनी एकही खाल्लं नाही.

ते गेले यंदाच्या आखाजीनंतर. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. शेजारच्यांनी दार ढकललं तेव्हा घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. वैशाखात आमच्याकडे कुणी दुपारी खिडकी उघडी ठेवत नाही, पण सर ठेवायचे.

दिवसकार्य व्हायच्या आधी एका दुपारी मी भेटायला गेले. जाताना शाळेत जाऊन कपाटातली गोधडी मागून घेतली. नव्या भूगोलाच्या शिक्षकाला ती कशासाठी आहे हे माहीत नव्हतं, त्याला वाटलं शिपायाची असेल. सरांच्या घरात वैशाली आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला या घरात इतके दिवस राहायला मिळालं होतं. खिडक्या सताड उघड्या, उन्हाची झळ थेट अंगावर येत होती. सोबत आलेल्या तिच्या सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "वैशाली, खिडक्या लाव ना आता. झळा येऊन राह्यल्या."

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "थोडा वेळ राहू द्या."

सासूबाई उठून बाहेरच्या खोलीत पंख्याखाली जाऊन बसल्या. मी गोधडी वैशालीच्या मांडीवर ठेवली. तिनं ती ओळखली. एका पट्टीवरून हात फिरवत म्हणाली, "आईचं हिरवं लुगडं हे." मग थबकली. "पण ही शाळेत लागते ना, मॅडम? गोधडीच्या तासाला?"

मी मराठीची शिक्षिका. गोड खोटं बोलायचं तर मला शब्द कमी पडले नसते. पण तिच्या हातात आईचं लुगडं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "तुझ्या लग्नानंतर त्यांनी तो तास घेतलाच नाही. शुक्र सोडून देत. बुधानंतर पृथ्वी."

तिनं दाराकडे एकदा पाहिलं. बाहेरच्या खोलीत पंखा करकरत होता.

"म्हणजे आबांना कळलं होतं?"

"पहिल्या आखाजीलाच."

"मला वाटायचं, त्यांना काही कळत नाही," ती म्हणाली. "वाटायचं, बरं आहे, निदान ते तरी समाधानात आहेत. म्हणून मी 'सगळं आहे, सगळं आहे' म्हणत राहिले." तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात उत्तर देताना असायचा तसा. "एकदा नुसतं 'चल' म्हणाले असते ना, मॅडम, तर मी पोरीला काखेत मारून तशीच उठून आले असते."

"आले होते," मी म्हटलं. "ते त्या दिवशी जेवायला थांबले होते ना तुमच्याकडे, रिकामी पिशवी घेऊन? तुला घ्यायलाच आले होते. विचारता आलं नाही त्यांना. केळी घेऊन परत आले."

वैशालीनं गोधडी दोन्ही हातांनी धरून तोंडाशी नेली आणि तिच्यात तोंड खुपसून एक लांब श्वास घेतला, अगदी तिच्या वडिलांसारखा. मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते.

"ती केळी मीच भरली होती पिशवीत," ती म्हणाली. "म्हटलं, आबांनी रिकाम्या हातानं जायला नको."